लोकांच्या पुढाकाराने होणाऱ्या सागरी संवर्धनासाठी अनुदानं (पुण्याच्या संदर्भात)

समुद्राकाठच्या गावांनी स्वतः चालवलेल्या संवर्धनाच्या कामाला आणि समुद्र समजावून सांगणाऱ्या शिक्षणाला जो पैसा मिळतो, परत न करायचा, पण हिशोब मात्र द्यायचा, त्याला इथे अनुदान म्हटलंय. यात कासवांची घरटी राखणं येतं, कांदळवन, खेकडापालन, जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव सोडून देणं, शाळेच्या पोरांना ओहोटीच्या वेळी खडकांवर फिरवणं, असं बरंच काही येतं. पैसा देणारे आंतरराष्ट्रीय निधी असतात, सरकारी योजना असतात, कंपन्यांचा सीएसआर (नफ्यातून समाजाच्या कामासाठी कायद्याने काढायचा पैसा) असतो.

आता यात पुणं कुठून आलं, कारण पुण्याला समुद्र नाही आणि मुठेचं पाणीसुद्धा भीमा-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराकडे जातं. पण कोकणातल्या या कामाची बरीच कागदपत्रं पुण्यात तयार होतात. प्रपोजल लिहिणारे, ऑडिट करणारे, सीएसआरवाल्या कंपन्या, संशोधन संस्था आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवं बघायला ताम्हिणी उतरणारे पर्यटक, सगळे इथलेच. पर्यावरण शिक्षणाचं काम करणाऱ्या सीईईचं ऑफिस पुण्यात आहे, लोकांनी राखलेल्या क्षेत्रांवर काम करणारी कल्पवृक्ष पुण्यातली आहे, झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे, आणि पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तर दाखवून दिलंय की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागर जून ते सप्टेंबरच्या महिन्यांत सुमारे १.२ अंशांनी तापला. म्हणजे समुद्राची नाडी घाटमाथ्यावर बसून बघितली जाते, आणि पेशवे श्रीवर्धनचे नि नाना फडणवीसांचं मूळ गाव वेळास हे लक्षात घेतलं तर हा संबंध तसा जुनाच.

पैसा कुठून येतो

सगळ्यात जास्त नाव निघतं ते जीईएफ या जागतिक पर्यावरण निधीच्या स्मॉल ग्रँट्स प्रोग्रामचं. हा १९९२ साली सुरू झाला, यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेमार्फत चालतो, आणि स्थानिक संस्था-गटांना छोट्या रकमा देतो. एका प्रकल्पाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर ही त्याची बरीच वर्षं चालत आलेली मर्यादा होती. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००६ मध्ये, मँग्रोव्ह्ज फॉर द फ्युचर हा आययूसीएन (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि यूएनडीपीचा कार्यक्रम आला, त्यातही छोट्या अनुदानांची सोय होती. तरुण संशोधकांना ब्रिटनचं रफर्ड फाउंडेशन माहीत असतं, पहिली रक्कम काही हजार पाउंडांचीच असते पण काम नीट केलं तर पुढच्या टप्प्याला अर्ज करता येतो. शार्क आणि पाकट यांच्यावर काम करणाऱ्यांसाठी जिनिव्हाचं सेव्ह अवर सीज आहे, एखाद्याच प्रजातीसाठी काम असेल तर मोहम्मद बिन झायेद निधी, जो २५,००० डॉलरपर्यंत देतो. देशातल्या देशात म्हणाल तर हॅबिटॅट्स ट्रस्ट.

सरकारी बाजूला महाराष्ट्राची कांदळवन योजना बघण्यासारखी आहे. २०१२ ला राज्यात कांदळवन कक्ष झाला, २०१५ ला त्याचं प्रतिष्ठान, आणि २०१७ पासून कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना. यात गावातल्या गटाला खेकडा, जिताडा, कालवं, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा धंद्यासाठी खर्चाच्या ९० टक्के अनुदान मिळतं, एकट्या माणसाने केलं तर ७५ टक्के. बाकीचे पैसे गावकऱ्यांनी घालायचे. हा दहा टक्क्यांचा वाटा कागदावर किरकोळ दिसतो पण माझ्या मते योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच, कारण खिशातून पैसे गेले की पिंजऱ्यातल्या जिताड्याकडे रोज कोणीतरी बघतं.

दुसरी योजना डिसेंबर २०१८ ची, त्याच कांदळवन कक्षाची आणि मत्स्यविभागाची. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (म्हणजे व्हेल शार्क) असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला तर जाळ्याची भरपाई म्हणून २५,००० रुपयांपर्यंत मिळतात, सोडल्याचे फोटो किंवा व्हिडिओ द्यावे लागतात. हे रूढ अर्थाने अनुदान नाही पण इथे घेतलंय, कारण यात संवर्धन करणारा माणूस प्रपोजल लिहीत बसत नाही, समुद्रात असतानाच निर्णय घेतो आणि पैसे त्याच्या नावावर येतात. गुजरातमध्ये हेच आधी झालं. तिथे २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने टाटा केमिकल्सच्या पैशातून व्हेल शार्कची मोहीम चालवली, मोरारी बापूंनी या माशाला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटलं आणि जो मासा मारला जायचा तो कोळी स्वतः जाळी कापून सोडायला लागले. जाळ्याचे पैसे तिथलं वनखातं देत होतं. श्रद्धेचं बोलणं आणि नुकसानीची भरपाई दोन्ही एकत्र होतं म्हणून ते चाललं, नुसत्या पोस्टरने झालं नसतं.

कागदपत्रांचा भाग, जो किचकट आहे

परदेशी पैसा घ्यायचा तर २०१० चा एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा लागतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले दाखवावे लागतात, नाहीतर ठरावीक कामापुरती पूर्वपरवानगी घ्यायची. आता कुठल्या मच्छीमार सोसायटीने किंवा बचतगटाने हे कधी करायचं. म्हणून पूर्वी पद्धत अशी होती की पुण्या-मुंबईची नोंदणी असलेली संस्था पैसे घ्यायची आणि त्यातला वाटा गावच्या संस्थेला द्यायची. २०२० च्या दुरुस्तीने हे पूर्ण बंद झालं, एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या कोणाला द्यायचाच नाही. वर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि पैसा आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. मग उरतं काय, तर शहरातली संस्था गावातल्या पोरांना थेट मानधन देते, होडी भाड्याने घेते, सामान विकत घेऊन देते. काम गावातच होतं पण बजेटवरची सही शहरातली, आणि ‘लोकांच्या पुढाकाराने’ या शब्दांतली हवा इथेच निघते.

सीएसआरमध्ये एफसीआरए लागत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे, आणि पर्यावरण हा विषय यादीत आहे. संस्थेकडे आयकर सवलतीच्या १२ए, ८०जी या नोंदण्या आणि २०२१ पासून कंपनी खात्याकडची सीएसआर-१ ची नोंदणी हवी. पुण्याची अडचण वेगळी आहे. कायदा म्हणतो की कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्या. सक्ती नाही, पण चाकण-रांजणगावच्या कारखान्याला आजूबाजूच्या गावाची शाळा सोडून दोनशे किलोमीटरवरच्या किनाऱ्याला पैसे का द्यायचे हे कमिटीला पटवावं लागतं.

पुढाकार कोणाचा

वेळास (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) हे उदाहरण नेहमी दिलं जातं आणि बरोबरच दिलं जातं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या भाऊ काटदरे यांच्या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, त्याआधी अंडी चोरून खाल्ली-विकली जायची. अंडी उकरून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात ठेवायची, पिल्लं निघाली की सोडायची, इतकंच काम, पण रात्री-पहाटे किनारा चालायला गावातलीच माणसं लागतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरात राहायची-जेवायची सोय झाली, आणि पुण्यामुंबईच्या माणसाने दिलेल्या जेवणाच्या पैशांमुळे गावाला कासव जिवंत राहण्यात फायदा दिसायला लागला. अनुदानाने सुरू झालेलं काम धंद्यावर उभं राहिलं ते असं. हेच पुढे आंजर्ले, हरिहरेश्वर, गुहागर असं पसरलं. जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच ‘प्रथमा’ नावाच्या मादीला सॅटेलाइट टॅग लावला, आणि २०२३ ला गुहागरहून टॅग लावलेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

याच्या उलट मालवण. सागरी अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला कारण त्यांना विचारलंच नव्हतं. पुढे यूएनडीपी-जीईएफचा सिंधुदुर्ग किनाऱ्याचा प्रकल्प आला, त्याने कालवं-खेकडे, चौकोनी आसाची जाळी (ज्यातून लहान मासळी निसटते), पर्यटन अशा रोजीरोटीच्या वाटेने सुरुवात केली. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात ते त्यातूनच. अभयारण्याची पाटी जे करू शकली नाही ते एका होडीने केलं असं म्हणायला हरकत नाही, जरी मासळीचा अख्खा थवा जाळ्याने वेढून उचलणाऱ्या मोठ्या पर्ससीन बोटींचा प्रश्न कुठल्याच अनुदानाने सुटत नाही, तो कायद्याच्या अंमलबजावणीचाच आहे.

अनुदानं फसतात ती बऱ्याचदा वेळापत्रकावर. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि कोकणातला कासवांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, अंड्यांना साधारण दीड-दोन महिने लागतात, म्हणजे पिल्लं बाहेर पडायची तेव्हाच युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) मागितलं जातं. नवीन हप्ता मंजूर होईपर्यंत जून उजाडतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, खरं तर मच्छीमारांशी बसून बोलायचा हाच काळ, पण ट्रेनिंगच्या तारखा पडतात ऑक्टोबरात, जेव्हा बोटी समुद्रात. आणि बोलावलंच तर बुडालेल्या दिवसाचे पैसे कोण देणार? बजेटमध्ये हॉटेलच्या हॉलचं भाडं असतं, मजुरीचं कलम नसतं. प्रपोजल वाचताना मी तरी आधी हे कलम शोधतो, मग गावाचा ठराव जोडलाय का ते, बाकी लॉगफ्रेम (उद्दिष्टं आणि मोजमापांचा तक्ता) नंतर.

सागर शिक्षण

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे महासागर दशक ठरवल्यापासून अर्जात शिक्षणाचा रकाना जवळपास ठरलेला असतो आणि बहुतेक वेळा तिथे पोस्टर, टी-शर्ट, बीच क्लीनअप असं लिहून मोकळं होतात. चांगलं उदाहरण मुंबईतलं, २०१७ ला सुरू झालेल्या मरीन लाइफ ऑफ मुंबईचं. ओहोटीला लोकांना खडकांवर न्यायचं आणि जे दिसेल ते दाखवायचं, भर शहरात समुद्रफुलं, शंख, खेकडे बघून लोक चाट पडतात. खर्च फार नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक आणि जाणकार माणूस हवा. पुण्याच्या शाळेला मात्र एक मुक्काम लागतो, कारण मोठी ओहोटी अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास आणि बसची सोय शनिवार-रविवारची, हे जुळवणं हाच अर्धा प्रकल्प. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांना मुळशीपासून सुरुवात करता येते. मुळशी धरणाचं पाणी वीज करून भिऱ्याला खाली सोडलं जातं, तिथून कुंडलिकेतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं, म्हणजे पुणे जिल्ह्यातलं काही पाणी पूर्वेला आणि काही पश्चिमेला जातं, आणि नकाशावर बोटाने हा रस्ता काढायला सहावी-सातवीच्या मुलांना एक तास पुरतो.