मर एक, वंश अनेक

दर्यापूरकडच्या वावरातून मामा हरभऱ्याची चार झाडं उपटून धुऱ्यावर घेऊन आले. "काल तं हिरवीगार होती, आज मानच टाकली," म्हणाले. पानं अजून हिरवीच, फक्त लोंबलेली. मुळं वरून धडधाकट, कुज कुठेच नाही. मी नखानं खोड उभं चिरलं, तेव्हा आत काळपट तपकिरी रेघ दिसली, मुळापासून वर चढलेली. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या होत्या. जमिनीत ओल असूनही झाड तहानेनं गेलं होतं.

हे काम फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचं. आपण पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वाळली तरी मर म्हणतो, तूर वाळली तरी मर आणि हरभरा वाळला तरी मरच. पण तुरीची बुरशी वेगळ्या प्रजातीची. पऱ्हाटीची याच प्रजातीची असली, तरी ती हरभऱ्यावर मर आणत नाही.

हरभऱ्याच्या बुरशीतही पुन्हा पोटवंश आहेत. 1982 साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या हावरे आणि नेने या शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून दाखवले. पद्धत साधी होती: हरभऱ्याच्या 10 जाती घ्यायच्या, ठिकठिकाणची बुरशी त्यांना द्यायची आणि कोण मरतं, कोण टिकतं ते पाहायचं. त्या दहांत आपल्याकडचा जुना 'चाफा' होता, एका देठाला दोन घाटे धरणारी जेजी 62 होती. हैदराबाद, कानपूर, गुरुदासपूर आणि हिस्सार इथल्या बुरशा चार निराळ्या निघाल्या. डब्ल्यूआर 315 ही जात बाकीच्यांपुढे उभी राहते, पण गुरुदासपूरच्या वंशापुढे आडवी होते. पुढे भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि कॅलिफोर्निया धरून असे आठ वंश नोंदले गेले.

या बुरशीत नर-मादीसारखा संकर अजून आढळलेला नाही, म्हणजे दोन वंशांची सरमिसळ होऊन नवं काही जन्मण्याचा नेहमीचा रस्ता बंद. तरी इतके वंश कसे? डीएनए तपासला तेव्हा ते सगळे एकाच पूर्वजाचे निघाले. बारीकसारीक बदल साचत गेले आणि नवी जात पेरली की तिच्यावर चढू शकणारी बुरशी तेवढी वाढली. म्हणून 'मर-प्रतिकारक' हा शब्द वाचला की मी आधी विचारतो, कुठल्या मातीत तपासलेली? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जॅकी 9218 मला त्यामुळेच जवळची वाटते. ती आपल्याच भागातली आहे.

बुरशी पसरते मात्र आपल्याच हातानं. जाड कवचाचे बीजाणू हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षं तग धरतात. बियाण्यात ती दाण्याच्या नाभीपाशी दडते, आणि दाणा बाहेरून टपोरा, निरोगी दिसतो. फणाला, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटलेल्या मातीतूनही ती पुढच्या वावरात पोचते. आपल्याकडे सोयाबीन निघालं की हरभरा, हे दरसाल ठरलेलं, त्यामुळे तिला उपास घडतच नाही.

मामांनी बियाणं दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांकडून आणलं होतं. पहिल्या साली कोपऱ्यात बैलगाडीएवढा चट्टा पडला. यंदा तो लांबट झालाय, ट्रॅक्टर ज्या दिशेनं वळतो त्याच दिशेनं. त्या पट्ट्यात पुढची काही वर्षं ज्वारी नाहीतर गहू घ्यायचा, आणि तिथला दाणा बियाण्याला ठेवायचा नाही, असं आम्ही धुऱ्यावर बसूनच ठरवलं. दोन झाडं मातीसकट कागदी पिशवीत घातली आहेत, सोमवारी अकोल्याला दाखवायला.