गर्दी ओसरल्यानंतरची इमारत

शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. हजार माणसे सभागृहात बसली की आत १०० किलोवॉटची भट्टी पेटते, आणि पडदा पडून लोक घरी गेले की ती विझते. नंतर कित्येक तास, कधी कित्येक दिवस, ती जागा रिकामी असते. घर बांधणाऱ्याला सतावत नाहीत असे दोन प्रश्न यातून उभे राहतात: इतक्या माणसांचा श्वास आणि उष्मा कुठे न्यायचा, आणि माणसे नसतील तेव्हा या अवाढव्य इमारतीचे काय करायचे? पर्यावरणपूरक सभागृहांचा आणि स्टेडियमचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

ग्रीकांना पहिला प्रश्न फारसा पडलाच नाही, कारण त्यांची रंगमंडले उघड्यावर होती. एपिडॉरसचे रंगमंडल इ. स. पू. चौथ्या शतकातले. टेकडीचा उतार हाच त्याचा पाया; त्यावर चुनखडीच्या पायऱ्या बसवल्या आणि सुमारे १४,००० माणसांची सोय झाली. रोमनांनी सपाट जमिनीवर कमानींचे मजले चढवून कलोसियम उभारले. उन्हासाठी वर कापडी छत होते आणि ते ओढायला आरमारातले खलाशी असत, कारण शिडांचे दोर हाताळायची सवय त्यांनाच होती.

छप्पर आणि भिंती आल्या तसा कोंदटपणा आला. त्यावर एक मोठा, विचारपूर्वक इलाज लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये दिसतो. १८५४ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीची वायुवीजन योजना डेव्हिड बॉसवेल रीड यांची. वाफेच्या इंजिनावर चालणारे पंखे तळघरात हवा ओढत. ती थंडीत गरम नळांवरून आणि उन्हाळ्यात पाण्याच्या फवाऱ्यांजवळून जाई. मग भिंतींतल्या वाटांनी ती सभागृहात पोहोचे. कोणत्या दालनात किती हवा सोडायची हे कामगार कापडी पडद्यांची उघडझाप करून ठरवत. गर्दी वाढली की जास्त हवा, ओसरली की कमी. आजची सेन्सरवर चालणारी यंत्रणा हेच काम करते.

त्याच काळात लंडनमध्ये दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर सापडले होते, जवळजवळ नकळत. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये जागा मिळाली ती प्रदर्शन संपल्यावर मोकळी करून देण्याच्या अटीवर. जोसेफ पॅक्स्टन मूळचे बागकामातले, काचगृहे बांधणारे. त्यांनी १,८४८ फूट लांबीचा क्रिस्टल पॅलेस बिडाचे खांब, लाकडी चौकटी आणि एकाच मापाच्या काचा यांतून जुळवला. प्रत्येक भाग कारखान्यात तयार होऊन येई आणि जागेवर फक्त बसवला जाई. वारा खेळावा म्हणून भिंतींत झडपा होत्या, ऊन अडवायला छपरावर कापड होते. प्रदर्शन संपले, इमारत सुटी केली आणि सिडनहॅमला वेगळ्या, मोठ्या रूपात पुन्हा उभी केली. तिथे ती १९३६ च्या आगीपर्यंत टिकली. ‘सुटे करून पुन्हा वापरता येईल असे बांधा’ हा सल्ला आज नवा म्हणून दिला जातो, तेव्हा मला पॅक्स्टन आठवतात.

मग स्वस्त वीज आली आणि दोन्ही प्रश्न बाजूला पडले. १९२० च्या दशकात अमेरिकेतली चित्रपटगृहे यांत्रिक गारव्याची जाहिरात करू लागली. १९६५ मध्ये ह्यूस्टनचे ॲस्ट्रोडोम उघडले: छताखालचे, वातानुकूलित, प्रचंड. छतात पारदर्शक तावदाने होती, आत खरे गवत होते. तावदानांच्या चकाकीने खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून ती रंगवली. उजेड तुटला, गवत मेले, आणि १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत अंथरले. एका चुकीवरचा उपाय पुढची चूक कसा जन्माला घालतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

ॲस्ट्रोडोम उघडल्यावर सात वर्षांनी म्युनिकने उलट दिशा धरली. ग्युंटर बेनिश आणि फ्राय ऑटो या वास्तुकारांनी १९७२ च्या ऑलिंपिकसाठी तारांच्या जाळ्यावर पारदर्शक छत ताणले. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त जागा झाकायची, हा ऑटो यांचा ध्यास होता. शेजारची टेकडी महायुद्धातल्या पडक्या इमारतींच्या राडारोड्याची आहे. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले आणि ऊर्जेचा हिशेब सगळ्यांनाच मांडावा लागला.

२००० च्या हॅनोव्हर प्रदर्शनात तर इमारत कुठे जाणार, हे आधीच ठरवून बांधले गेले. शिगेरू बान यांनी ऑटो यांच्या साथीने जपानचे दालन कागदी नळ्यांतून उभारले, ते नंतर पुन्हा कागद व्हावे म्हणून. पीटर झुम्टोर यांच्या स्वित्झर्लंडच्या दालनात लाकडी तुळया नुसत्या एकावर एक रचल्या होत्या. खिळा नाही, डिंक नाही, फक्त स्प्रिंग लावलेल्या पोलादी सळयांचा दाब. प्रदर्शन होईतो लाकूड वाळले आणि मग विकले गेले.

स्टेडियमच्या बाबतीत हे इतके सोपे निघाले नाही. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिक स्टेडियमला सुमारे ४२,००० टन पोलाद लागले. लंडनने २०१२ साठी ८०,००० आसनांचे स्टेडियम सुमारे १०,००० टनांत बसवले. छताच्या कड्यात गॅसवाहिनीचे न वापरलेले नळ घातले. ५५,००० आसनांचा वरचा भाग काढून फक्त २५,००० ठेवायची, अशी मूळ कल्पना होती. खेळ संपल्यावर बेत बदलला आणि फुटबॉलसाठी नवे, मोठे छत बसवावे लागले. त्या फेररचनेला ३० कोटी पौंडांहून जास्त खर्च आला. सुटे होणारे बोल्ट पुरेसे नसतात. पुढचा वापरकर्ता कोण, हे पाया घालण्याआधी ठरलेले असावे लागते.

म्हणूनच अलीकडची मला सर्वांत आवडणारी कामे जुन्याला धरून आहेत. लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरने २०१४ मध्ये नवी इमारत बांधताना जुन्या इमारतीच्या सुमारे २५,००० विटा प्रेक्षागृहाच्या भिंतींत वापरल्या, आणि हवा खेळवण्यासाठी उंच धुराड्यांसारखे मनोरे उभारले. सिअ‍ॅटलमध्ये १९६२ च्या सभागृहाचे सुमारे २०,००० टनांचे छत तात्पुरत्या आधारांवर तोलून खालून नवे स्टेडियम खोदले. ते २०२१ मध्ये उघडले.

पॅरिसने २०२४ च्या ऑलिंपिकसाठी बहुतेक स्पर्धा आधीच्या किंवा तात्पुरत्या जागांत घेतल्या. सेंट-डेनिसचा जलतरण तलाव मात्र कायमचा बांधला. तिथे ५,००० प्रेक्षकांची सोय होती, खेळानंतर ती निम्मी करायची हे आराखड्यातच होते. लाकडी छत मधोमध खाली झुकलेले आहे, जेणेकरून तलावावरची हवा कमी राहावी आणि स्पर्धा नसलेल्या रोजच्या दिवशी, चारदोन माणसे पोहत असताना, तेवढीच तापवावी लागावी.