अभिजितचं अंतर, कृत्तिकांचा वाद आणि मागे लागलेला प्लसमायनस

ताऱ्याचं अंतर काढायची मूळ पद्धत पॅरॅलॅक्सची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात किंचित सरकलेला दिसतो, तेवढं सरकणं मोजायचं. पण ते इतकं बारीक की सूर्य सोडून सगळ्यात जवळच्या ताऱ्याचंही एका आर्कसेकंदाच्या आतच, म्हणजे अंशाच्या 3600 व्या भागापेक्षाही कमी.

1837 मध्ये स्ट्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाने अभिजित ताऱ्यासाठी 0.125 आर्कसेकंद असा आकडा दिला आणि सोबत प्लसमायनस 0.055, म्हणजे आकडा साधारण तेवढ्याने इकडेतिकडे असू शकतो, जवळपास निम्मी शंका त्याने स्वतःच लिहून ठेवली. पुढच्या वर्षी बेसेल या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाने 61 सिग्नी या ताऱ्याचा 0.314 दिला, तो लोकांना पटला आणि पहिलं अंतर मोजल्याचं श्रेय त्याला गेलं. मग स्ट्रूव्हने अजून निरीक्षणं घेऊन 1840 मध्ये सुधारित आकडा काढला 0.26, प्लसमायनस आता निम्म्याहून कमी. आजचा आकडा आहे 0.130! म्हणजे भीतभीत दिलेला पहिला आकडा जवळपास बरोबर आणि जास्त कॉन्फिडन्सने दिलेल्या दुसऱ्यात अभिजित होता त्याच्या निम्म्या अंतरावर आला.

आता हे कसं होतं, तर रँडम चूक जास्त रीडिंग घेतली की कमी होत जाते, पण दुर्बिणीत किंवा पद्धतीतच काही बसलेलं असेल तर ते प्रत्येक रीडिंगमध्ये तसंच येतं, सरासरी काढून जात नाही आणि प्लसमायनसमध्येही दिसत नाही.

त्यात अजून एक भानगड आहे, अंतर हे पॅरॅलॅक्सच्या उलट असतं, म्हणजे सरकणं जितकं कमी तितका तारा लांब. समजा मोजमाप आलं 10 मिलीआर्कसेकंद (आर्कसेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलीआर्कसेकंद), प्लसमायनस 2. अंतर 326 प्रकाशवर्षं. पॅरॅलॅक्स खरा 12 असेल तर 272, आणि 8 असेल तर थेट 408. अलीकडे 54 आणि पलीकडे 82, चूक दोन्ही बाजूंना सारखी राहतच नाही. वर लांबच्या भागात जागा जास्त म्हणून तारेही जास्त, त्यामुळे चुकून जवळचे वाटणारे लांबचे तारे उलट प्रकारापेक्षा जास्त भरतात. 1973 मध्ये लुट्झ आणि केल्कर यांनी हे गणितात मांडलं. खूप लांबच्या ताऱ्यांचा पॅरॅलॅक्स तर चुकीमुळे कधीकधी निगेटिव्ह येतो, त्याचं अंतर काय काढणार!

पॅरॅलॅक्सच्या पलीकडे सेफीड तारे वापरतात, म्हणजे ज्यांचं तेज ठरावीक काळाने कमीजास्त होत राहतं असे तारे. लेव्हिट या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी 1912 मध्ये दाखवलं की हा काळ जितका मोठा तितकी मूळ तेजस्विता जास्त. हबलने 1929 मध्ये त्यांच्या जोरावर विश्वप्रसरणाचा दर काढला तो 500 च्या आसपास (दर मेगापार्सेक म्हणजे साधारण 33 लाख प्रकाशवर्षं अंतरामागे सेकंदाला इतके किलोमीटर), आणि त्यावरून विश्वाचं वय पृथ्वीपेक्षाही कमी निघायला लागलं. 1952 मध्ये बाडे या खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं की सेफीड दोन जातींचे आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतोय, झालं, देवयानी दीर्घिका एका फटक्यात दुप्पट लांब गेली. खालच्या पायरीवरची चूक वरपर्यंत जाते ती अशी.

कृत्तिका या तारकागुच्छाचं प्रकरण तर अलीकडचं. 1997 मध्ये हिप्पार्कोस उपग्रहाच्या डेटातून अंतर आलं साधारण 390 प्रकाशवर्षं, बाकीच्या पद्धती म्हणत होत्या 435 च्या पुढे, आणि दोन्हीकडचे प्लसमायनस इतके लहान की एकमेकांना टेकतच नव्हते. 2014 मध्ये एकमेकींपासून लांब असलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून मोजलं तर 444 आलं, नंतर ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स मोजणाऱ्या गाया उपग्रहानेही तिकडेच कौल दिला.

माझ्या मते गायावाल्यांनी चांगली केलेली गोष्ट म्हणजे स्वतःची चूक शोधायला क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं, वापरले. ते इतके लांब की पॅरॅलॅक्स शून्यच यायला हवा, पण 2018 च्या डेटात सरासरी आली उणे 0.029 मिलीआर्कसेकंद. ऐकायला काहीच नाही, पण दहा-अकरा हजार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यासाठी हा 10 टक्क्यांचा फरक पडतो.

तरी वाद मिटलेला नाहीच. प्लांक उपग्रहाच्या डेटावरून विश्वप्रसरणाचा दर, त्याच एककात, 67.4, प्लसमायनस 0.5, आणि रीसच्या टीमने 2022 मध्ये सेफीड आणि सुपरनोव्हांवरून (स्फोट होणारे तारे) काढलेला 73.04, प्लसमायनस 1.04. फ्रीडमनची टीम वेगळे तारे वापरून मध्येच कुठेतरी, 70 च्या आसपास येते. भांडण आता आकड्यांपेक्षा कोणाच्या प्लसमायनसमध्ये काय मोजायचं राहिलंय यावर जास्त चालू आहे.