नायट्रोजन तोडायचा की मोजून द्यायचा? शैवालरंगांच्या वादाची पार्श्वभूमी

मिठागरांच्या लाल पाण्यामागे सूक्ष्मशैवाल आहे, हे 1838 मध्येच लक्षात आले होते. त्या शैवालाला ड्युनालिएला हे नाव 1905 साली मिळाले. रंगासाठी त्याची व्यावसायिक लागवड मात्र 1980 च्या दशकात, इस्रायल आणि ऑस्ट्रेलियात उभी राहिली. खरा वाद तिथून पुढचा: रंग वाढवायला शैवालाचा नायट्रोजन पुरता तोडायचा, की थोडा थोडा देत राहायचा?

शैवाल ज्या पोषक द्रावणात वाढते, त्या माध्यमातले नायट्रेट (नायट्रोजन पुरवणारा क्षार) संपले की नवी प्रथिने आणि हरितद्रव्य तयार होणे अडते; हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूला नायट्रोजनचे 4 अणू लागतात. प्रकाश मात्र पडतच असतो. पेशीत येणारा कार्बन मग तेलाकडे आणि कॅरोटिनॉइडकडे (पिवळ्या-लाल रंगद्रव्यांकडे) वळतो, कारण त्यांना नायट्रोजन लागत नाही. हिमॅटोकॉकस या दुसऱ्या सूक्ष्मशैवालात हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते: कशाभिका (पोहण्याचे शेपटीसारखे धागे) गळतात, पेशी फुगते, भिंत जाड होते आणि मध्याजवळ उमटलेला लाल डाग कडेपर्यंत पसरत जातो. फॉस्फेट तोडूनही रंग येतो, पण पेशींजवळ त्याचा साठा असल्याने उशिरा.

यावरूनच दोन टप्प्यांची पद्धत रुळली. आधी भरपूर पोषण देऊन हिरवी वाढ घ्यायची, मग नायट्रेट बंद करून प्रखर प्रकाशात लाल करायची. अ‍ॅस्टाझँथिन (हिमॅटोकॉकसचे लाल रंगद्रव्य) कोरड्या वजनाच्या 4 टक्क्यांपर्यंत जाते आणि याच आकड्याने पद्धतीला मान मिळवून दिला. विरोधी गट म्हणतो, नायट्रेट थोडे पण सतत द्या; टक्का कमी राहील, पण वाढ थांबणार नाही आणि रोज काढणी होईल. उद्योगाने कौल पहिल्या पद्धतीला दिला. तरीही नुसत्या टक्केवारीवर निकाल लावणे चूकच. दर लिटरमागे रोज किती रंग मिळाला, हे मोजायला हवे. शिवाय लाल पेशींची जाड भिंत फोडण्याचा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे.

स्पिरुलिना या निळसर हिरव्या शैवालाचे गणित नेमके उलटे. तिचे निळे फायकोसायनिन हे प्रथिनच, त्यामुळे नायट्रोजनचा तुटवडा पडला की पेशी आधी त्यालाच मोडून खाते आणि निळसर हिरवे संवर्धन पिवळट पडते. 1966 पासून प्रमाण मानल्या गेलेल्या माध्यमात लिटरमागे 2.5 ग्रॅम सोडियम नायट्रेट असते. 2013 मध्ये अमेरिकेत गोळ्या आणि च्युइंगगमसाठी या निळ्या रंगाला परवानगी मिळाली आणि मागणी वाढली. आता हे नायट्रेट कमी खर्चाचे कसे करता येईल, युरियाने ते कितपत भागेल, यावर काम चालू आहे. युरियाचा डोस जास्त झाला तर मात्र अमोनिया साचून संवर्धनच मरते.