ग्लू म्हणजे फेविक्विक न्हवं, मामा!

शिरोळकडचे आमचे मामा. जन्म उसाच्या रानात गेला. ऊन, वारा, धूळ खाऊन उजव्या डोळ्यात वडस वाढलं, म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकत येणारा मांसल पडदा. कोल्हापुरात डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू. टाके नकोत, ग्लू वापरू." मामा बाहेर येऊन माझ्या कानात, "चपला चिकटवत्यात त्योच गम डोळ्यात घालणार व्हय?"

हसू आलं खरं, पण मामा अगदीच चुकले नव्हते. डोळ्यांचे डॉक्टर 'ग्लू' म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या वस्तूंपैकी एक त्यांच्या मनात असते, आणि त्यातली एक खरोखरच फेविक्विकची चुलत बहीण आहे.

मामांच्या वाट्याची होती ती दुसरी, फायब्रिन ग्लू. बोट कापल्यावर रक्त गोठतं, त्यातली शेवटची पायरी म्हणजे हा ग्लू. एका सिरिंजमध्ये फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन, दोन्ही रक्त गोठवणारी प्रथिनं. दोन्ही जागेवर एकत्र आले की फायब्रिनची मऊ जाळी तयार होते. वडस काढल्यावर उघड्या पडलेल्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचं पातळ आवरण कापून बसवतात. नुसती जागा उघडी ठेवली तर वडस पुन्हा येण्याची भीती फार. हा तुकडा शिवायचा की चिकटवायचा, एवढाच प्रश्न.

शिवायचा दोरा केसापेक्षा बारीक, तरी गाठीची टोकं पापणीखाली उसाच्या कुसळासारखी टोचतात. दोरा नायलॉनचा असेल तर नंतर काढायलाही जावं लागतं. फायब्रिन मऊ, काम झालं की काही दिवसांत शरीरच ते विरघळवून टाकतं. 2016 सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अहवालात, ग्लूने वडस परत येण्याचं प्रमाण टाक्यांपेक्षा कमी आणि ऑपरेशनचा वेळही कमी दिसला. मात्र तुकडा सुटणं, आक्रसणं अशा तक्रारी ग्लूच्या बाजूलाच जास्त. शिवाय तो महाग, आणि बहुतेक वेळा दात्यांच्या रक्तद्रवापासून बनलेला. तपासून, विषाणू निष्क्रिय करूनच येतो, पण रुग्णाने हे विचारलं तर डॉक्टरांनी वैतागू नये असं मला वाटतं.

आता ती चुलत बहीण, सायनोअॅक्रिलेट. हे रसायन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 1942 मध्ये अमेरिकेत हॅरी कूवर यांच्या हाती लागलं. सुपरग्लू म्हणून बाजारात आलं 1958 मध्ये. ओलावा लागला की क्षणात दगड. डोळ्यासाठी त्याचा कमी दाहक प्रकार वापरतात, आणि काम निराळंच. उसाचं पान डोळ्याला चाटून जातं, बुबुळावर जखम होते, तिच्यात बुरशी शिरते, दुखणं अंगावर काढलं की बुबुळाला भोक पडतं. ते भोक दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर जागा कोरडी करून इवलासा थेंब ठेवतात. बूच बसतं. ते कडक, खरखरीत आणि दिसायला अडवणारं, म्हणून वरून पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स. ते विरघळत नाही. खालची जखम भरत आली की आपोआप सुटून पडतं. भोक मोठं असेल तर हा उपाय पुरत नाही.

म्हणजे एक कातडं चिकटवणारं, दुसरं भोक बुजवणारं. फायब्रिनची पकड मऊ, त्यामुळे गळक्या बुबुळावर डॉक्टर बहुधा सायनोअॅक्रिलेटकडेच वळतात. उलट सायनोअॅक्रिलेट मामांच्या वडसावर लावलं असतं तर कुसळ परवडलं असतं.

आणि 'बिनटाक्याचं मोतीबिंदू' हे तिसरंच प्रकरण. तिथे बहुधा टाकाही नसतो आणि ग्लूही नसतो. छेद इतका लहान आणि तिरका घेतात की डोळ्यातल्या दाबानेच तो मिटतो.

घरातलं फेविक्विक मात्र डोळ्याच्या औषधाशेजारी ठेवू नका. थेंबाची बाटली समजून ते डोळ्यात घातल्याची प्रकरणं दवाखान्यात येतात. तसं झालं तर भरपूर पाण्याने धुवा, चिकटलेल्या पापण्या ओढू नका, आणि थेट डॉक्टर गाठा.

मामांना ग्लूच लावला. डोळा चोळायचा नाही, टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, हे चारदा बजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ दे डाक्टर, उसाला पाणी पाजायला कवा जाऊ?"