नागपूरच्या उन्हातला पिवळा रंग

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि घरी कूलर असल्याशिवाय दुपार निघत नाही. तरीही शाळकरी पोरांना निसर्गचित्र काढायला सांगा, दोन डोंगरांच्या मधून हसरा पिवळा सूर्य वर येतोच. सेमिनरी हिल्सची टेकडी सोडली तर शहरात डोंगर म्हणावं असं काही नाही, आणि त्या सूर्याकडे पाहून मे महिन्यात हसणारा नागपूरकर शोधूनही सापडायचा नाही.

पिवळ्या रंगाची ही गंमत संशोधकांनी तपासली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ देशांतल्या साडेसहा हजारांहून अधिक लोकांना विचारलं, पिवळा म्हटलं की मनात कोणती भावना येते? विषुववृत्तापासून दूरच्या, पावसाळी देशांत उत्तर बहुधा ‘आनंद’ असं आलं. फिनलंडमध्ये तर दहातल्या जवळपास नऊ जणांचं. इजिप्तमध्ये मात्र फार थोड्यांनी आनंदाचं नाव घेतलं. ऊन जिथं क्वचित भेटतं तिथंच त्याचा रंग सुखाचा वाटतो. उलटा हिशेब ढगांना लावून पाहा. मृगाच्या तोंडावर अंबाझरी तलावावर दाटून येणारा करडा ढग चित्रात आला, तर विदर्भातल्या माणसाला तो उदास वाटेल का? मला तरी शंका आहे.

रेषांचं प्रकरण जरा वेगळं आहे. १९२४ मध्येच पॉफेनबर्गर आणि बॅरोज या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना नुसत्या रेषा दाखवून भावना विचारल्या होत्या. खाली झुकणाऱ्या संथ रेषांना बहुतेकांनी दुःखी म्हटलं, टोकदार रेषांना अस्वस्थ. अलीकडे कॅनडात चित्रकारांकडून आणि चित्रकलेशी संबंध नसलेल्यांकडून राग, दुःख, आनंद अशा सहा भावनांची चित्रं काढून घेतली. अट एवढीच की ओळखू येईल अशी कुठलीही आकृती नको. रागाची चित्रं अधिक लाल आणि गच्च भरलेली निघाली, दुःखाची निळसर आणि उभ्या रेषांची. संगणकाला त्यांतली भावना बऱ्यापैकी ओळखता आली, आणि चित्रकारांपेक्षा सामान्यांच्या चित्रांत ती जास्त अचूक ओळखता आली! चित्रकार ठरावीक खुणा टाळत असावेत, असा माझा अंदाज.

पण झाड ओळखू आलं की हे नियम डळमळतात. बहाव्याचे घोस खालीच लोंबतात आणि रंगही भर उन्हाचा. तरी एप्रिल-मेमध्ये फुललेला बहावा पाहून कुणी दुःखी होत नाही. तिथं रेषेपेक्षा ओळख वरचढ ठरते.

‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी कोलाज, म्हणजे कागदांचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, सोयीचं. रेष चुकायची भीती नाही. निवडायचं, फाडायचं, सरकवायचं, पटलं की चिकटवायचं. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ईझलपुढे उभं राहणं अवघड झालं, तेव्हा फ्रेंच चित्रकार आंरी मातीसनं कात्री हाती घेऊन रंगवलेल्या कागदातून पानं आणि समुद्री शेवाळ कापलं.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ च्या अभ्यासात ३९ जणांनी माती, मार्कर किंवा कोलाज यांपैकी हवं ते घेऊन ४५ मिनिटं काम केलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, घटलं. आधीचा अनुभव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. मात्र तुलनेसाठी नुसता बसून राहिलेला गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल दिवसभरात आपोआपही उतरतं. त्यामुळे यावरून ‘कला म्हणजे औषध’ असे फलक लावणं घाईचं होईल.

शिवाय मन मोकळं केलं की हलकं वाटतं, हा समजही पुरता खरा नाही. जेनिफर ड्रेक आणि एलेन विनर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दुःखी झालेल्यांपैकी काहींना तेच दुःख कागदावर उतरवायला सांगितलं, काहींना भलतंच काही काढायला. मूड जास्त सुधारला तो दुसऱ्यांचा. म्हणजे ऑफिसातून चिडून आल्यावर लाल फरकाटे ओढण्यापेक्षा पळसाचं वाळकं पान, संत्र्याची साल आणि संक्रांतीतला उरलेला पतंगाचा कागद घेऊन बसलेलं बरं. पान आठवडाभर जाड पुस्तकात दाबून पूर्ण वाळवा. ओलं चिकटवलं, तर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.