गूगल ड्राइव्ह संगणकावर बसेना? पुन्हा पुन्हा टाकण्याआधी हे वाचा

नमस्कार.

"ड्राइव्ह इन्स्टॉलच होत नाही, तीनदा टाकून पाहिलं," असं सांगत ग्राहक मशीन घेऊन येतात, तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो: आधीचं ड्राइव्ह काढून टाकलंत का? उत्तर 'हो' आलं की काळजी वाटते. इन्स्टॉल न होण्याचं कारण बहुतेक वेळा सापडतं, पण काढाकाढीत गेलेली फाइल परत मिळेलच याची खात्री आम्हालाही देता येत नाही. म्हणून हे पत्रक.

आधी फाइली जपा

'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' हा गूगल ड्राइव्हचा संगणकावरचा प्रोग्राम टाकला की संगणकात सहसा 'जी' नावाचा नवा ड्राइव्ह दिसतो. दिसायला पेनड्राइव्हसारखा, पण त्यातल्या बहुतेक फाइली गूगलच्या सर्व्हरवर असतात. तुम्ही तिथे एखादी फाइल सेव्ह केली की ती आधी सी ड्राइव्हमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि नेट असेल तसतशी वर चढते. नेट बंद असेल तर तिथेच थांबून राहते. हे फोल्डर तुमच्या यूजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात गूगल आणि त्यात 'ड्राइव्हएफएस' असं सापडतं.

इन्स्टॉल अडलं की "हे फोल्डर उडवा आणि पुन्हा टाका" असा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास मिळतो. सोसायटीचे हिशेब पाहणारे एक काका आमच्याकडे आले होते. दोन दिवस नेट नव्हतं, तरी त्यांनी पावत्यांच्या नोंदी रोज भरल्या. तिसऱ्या दिवशी ड्राइव्ह उघडेना, म्हणून व्हिडिओ पाहून त्यांनी फोल्डर उडवलं. प्रोग्राम बसला, पण त्या दोन दिवसांच्या नोंदी ना संगणकावर राहिल्या, ना गूगलवर. पावतीपुस्तक पुढ्यात घेऊन सगळं पुन्हा भरावं लागलं.

तेव्हा आमचं कळकळीचं सांगणं आहे. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' चालू करा आणि हे अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. आतल्या फाइलींची नावं ओळखू येणार नाहीत, तरी कॉपी घ्याच. मग ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून तुमच्या शेवटच्या फाइली वर पोचल्यात का, ते पाहा. पोचल्या असतील तर जुनं काढायला हरकत नाही. नसतील तर काहीही न काढता आम्हाला फोन करा.

मशीन चालण्याजोगं आहे का

या प्रोग्रामला विंडोज १० किंवा त्यापुढचं, तेही ६४ बिटचं लागतं. सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्यात 'अबाउट' उघडलं की दोन्ही कळतं. विंडोज ७ असेल तर कितीही खटपट केली तरी नवं ड्राइव्ह बसणार नाही. ब्राउझरमधून मात्र वापरता येईल. काही जुन्या मशीनचा प्रोसेसर ६४ बिटचा असतो, पण रॅम कमी म्हणून विंडोज ३२ बिटचं टाकलेलं असतं. तिथे विंडोज नव्याने टाकावं लागतं.

काही नव्या लॅपटॉपवर विंडोज 'एस मोड'मध्ये येतं. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे प्रोग्राम चालत नाहीत. एस मोडमधून बाहेर पडायला पैसे पडत नाहीत, पण परत आत जाता येत नाही.

घड्याळ पाहिलंत का?

डेस्कटॉपवाल्यांनी हे आधी पाहावं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, बहुतेक सीआर २०३२ नंबरचा. मशीनची वीज बंद असताना तारीख-वेळ तोच सांभाळतो. तो संपला की रात्री मेन स्विच बंद करून सकाळी चालू केलेलं मशीन थेट काही वर्षं मागे जातं. गूगलशी जोडताना संगणक समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्याला मुदत असते. मशीनच्या हिशेबाने २०१२ साल चालू असेल तर आजचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून मशीन जोडणीच नाकारतं. डाउनलोडचं पान उघडत नाही, किंवा प्रोग्राम बसतो पण साइन-इन होत नाही. आपण मात्र नेटला दोष देत राउटर चालू-बंद करत बसतो.

उजव्या कोपऱ्यातली तारीख नुसता दिवस-महिना नव्हे, सालासकट पाहा. चुकली असेल तर दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली तर सेल बदला. थोडक्या पैशांचं काम आहे.

बाकीची कारणं

सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर आधी जागा करा. आम्ही निदान १० जीबी मोकळी ठेवायला सांगतो. १६१८ हा आकडा दिसला तर विंडोजमध्ये दुसरं काहीतरी इन्स्टॉल होत आहे; ते संपू द्या, किंवा मशीन एकदा रीस्टार्ट करा. परवानगी नसल्याचा संदेश आला तर इन्स्टॉलसाठी उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. ऑफिसचं मशीन असेल आणि तिथे पासवर्ड मागितला, तर तो तुमच्या ऑफिसच्या सिस्टमवाल्यांनीच टाकायचा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवलेली फाइल कधी अर्धवट राहते; ती काढून पुन्हा उतरवा. अँटिव्हायरस कायमचा बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

फाइल गूगलच्याच साइटवरून घ्या. आणि नेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन करू नका. अशा नंबरांवर बरेचदा ठग बसलेले असतात. स्क्रीन पाहण्याचं ॲप टाकायला लावतात आणि बँक खातं रिकामं करतात. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर कळवा.

आमच्याकडे येताना

काही चुकल्याचा (एररचा) संदेश दिसेल तेव्हा 'ओके' दाबण्याआधी मोबाइलने अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढा, आकड्यासकट. कोपऱ्यातली तारीखही त्यात येऊ द्या. आदल्या दिवशी मशीनमध्ये नवीन काय टाकलं किंवा काढलं, ते आठवून ठेवा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आणू नका. साइन-इनची वेळ आली की कीबोर्ड तुमच्या हातात देऊ, आणि ओटीपीही तुम्हीच टाकायचा.